कुंडीच्या जागी मी होतो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लिफ्टदुरुस्ती, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. डोकं शांत आहे, असं मात्र मी लिहून देणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे वाक्य काढू या." मी म्हटलं, "बाई, या घरात काढाकाढी पुष्कळ झाली. राहू द्या." याआधी मी काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि गच्चीच्या हक्कासह, खारूला मिळावं. खारू म्हणजे माझ्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी. तिचा बाप घर सोडून गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मी आलो तेव्हा चार वर्षांची होती, गालात बिस्किटं कोंबून दाराआड उभी, म्हणून खारू. पहिल्या दिवशी मला 'काका' म्हणाली, ते तसंच राहिलं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. शाळेच्या अर्जावर पालक म्हणून सही माझी होती, तापात उशाशी मी होतो, अजून काय पाहिजे? घर तिच्या आईचं होतं, ते तिलाच जाईल. माझ्या रागापायी मी दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी जरा उचलून ओढायची, नाहीतर लागत नाही.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे पान्यांची पेटी, तिन्ही पकडी, टेस्टर आणि चामडी हातमोजे, माझा जोडीदार ग्रीस याला द्यावीत. त्याचं खरं नाव कारखान्यात कोणालाच आठवत नाही, त्यालाही फारसं नाही. आम्ही दोघांनी जन्मभर लोकांना वर पोचवलं आणि सगळ्यांना धडधाकट खालीही आणलं. साहेबांना माझ्याकडून काही नाही. माझ्या निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, "हे आपले... हे जुने सहकारी." तीन टिंबांचा माणूस मी! त्यांनी माझ्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नये.

कलम ३. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स आमच्या रविवारच्या फोटोमंडळातल्या औषधवाल्याला द्याव्यात. अट एकच, आभाळ जांभळं करायचं नाही. हा गडी साधी संध्याकाळ टिपतो आणि घरी जाऊन तिला असा काही रंग फासतो, की बघणाऱ्याला त्याच्याच दुकानातली गोळी घ्यावी लागते.

कलम ४. आता फोटो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा जीव इथेच अडकला आहे.

माझे फोटो हजारोंनी होते आणि चार ठिकाणी पसरलेले होते. ते एका जागी लावायला आणि दुरुस्त करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावरून मंडळात वर्षभर रणकंदन चाललं. औषधवाला म्हणे, फुकटचं घे. फुकटचं घेऊन बघितलं. त्याने माझे फोटो स्वतःच्या पोटात असे घातले, की बाहेर काढताना नाकी नऊ आले. मंडळातले चष्मेवाले म्हणाले, दरमहा भाडं भरायचं ते सर्वांत चांगलं. असेलही. पण माणूस मेला की भाडं थांबतं, आणि फोटो आत नि वारस बाहेर. मला तीन गोष्टी हव्या होत्या. पैसे एकदाच द्यायचे, मूळ फोटोला कधीही हात लागायचा नाही, आणि खारूला तिच्या घरून तोच संग्रह बघता यायचा. मंडळातल्या नव्या लोकांना आजही माझा सल्ला हाच आहे. रंगांची जादू शेवटी बघा, आधी बघा की चुकलं तर परत येता येतं का.

तसं सॉफ्टवेअर मी शोधून काढलं. खारूला शेजारी बसवून शिकवलं. नको असलेली वस्तू पुसायचं हत्यार तिला फार आवडलं. फोटोतल्या विजेच्या तारा तिने एकामागून एक उडवल्या आणि टाळ्या पिटल्या. "काका, हे तर लई भारी आहे!" म्हणाली. मी म्हटलं, "तारा काढ, पण माणसं राहू दे." तेव्हा ती गंमत होती.

हे सॉफ्टवेअर चेहरे ओळखतं. हा कोण, असं एकदा विचारतं आणि मग त्या माणसाचे सगळे फोटो एका कप्प्यात ठेवतं. खारूचा कप्पा ओसंडून वाहतो. पहिला पडलेला दात, शाळेतलं नाटक, सायकलवरून आपटल्यावरचं रडं, सगळं मी टिपलेलं आहे. माझ्या कप्प्यात नऊ. सतत कॅमेऱ्यामागे असलेल्या माणसाचे फोटो कोण काढणार? आठांमध्ये आरशातला अर्धा कान, दुकानाच्या काचेतली सावली, नाकापुढे कॅमेरा, असलंच काहीतरी. नववा मात्र खरा. खारूच्या लग्नातला. बायकोने माझ्या हातून कॅमेरा हिसकावला आणि म्हणाली, "आज तुम्ही तिकडे उभे राहा, बघू." जन्मभर फोटोत लोकांची डोकी कापणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी एकच फोटो काढला, आणि काय काढला! जावई, खारू आणि मी. खारूने माझं कोपर घट्ट धरलेलं, आणि मी चक्क हसतोय. पुढच्या वर्षी बायको गेली.

गेल्या हिवाळ्यात सहज कप्पा उघडला तर आठ. म्हटलं, सॉफ्टवेअर गंडलं. फोटो शोधून काढला. जावई होता. खारू होती. माझ्या जागी कुंडी होती. शेजारच्या कुंडीची पानं घेऊन यंत्राने माझी जागा भरून काढली होती, आणि खारू एका पानाला घट्ट धरून हसत होती.

बदल कोणी केला हे सॉफ्टवेअर खाली लिहितं. तिचं नाव होतं. तिला वाटलं असणार, आपण आपल्या घरची प्रत सुधारतोय, काकांना कुठे कळतंय. अगं, संग्रह एकच होता. तो तुझ्यासाठीच तसा निवडला होता मी.

मी फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बैठकीत लग्नातला कोणता फोटो लावलास?"

"आमचा दोघांचा, काका. मस्त आलाय."

"आणि मी?"

ती म्हणाली, "काका, इथे सगळे विचारत बसतात हो, हे कोण, बाबा कुठे, मग आईचं पहिलं लग्न... लग्नात ह्यांच्या आत्याबाईंनी विचारलं तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, की हे आमचे फोटोग्राफर. आता कुठे परत..."

मी म्हटलं, "बरं." आणि दुधाचं निमित्त करून फोन ठेवला. घरात दूध नव्हतंच.

फोटोग्राफर! ज्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, तिने मला भाड्याने आणलेला माणूस करून टाकलं. वाईट वाटलं असं लिहिणं फार सौम्य होईल. माझा विश्वासघात झाला, आणि तो मीच निवडलेल्या, मीच शिकवलेल्या हत्याराने झाला. आत्याबाईंना काय वाटेल ते वाटू दे, तू मला विकलंस कशासाठी गं?

औषधवाल्याला तेवढं सांगितलं. तो माझ्या टेबलाशी येऊन बसला, फोटो बघितला आणि म्हणाला, "अरे लेका, मूळ फोटो जागेवर आहे. 'मूळ स्थितीत न्या' दाब आणि ये परत."

"मी नाही दाबणार."

"का?"

"पुसलं कोणी? त्याने आणावं."

तो पहिल्यांदाच माझ्याशी वाद न घालता उठला.

कलम ५. संपूर्ण फोटोसंग्रह, संगणक आणि सॉफ्टवेअर खारूला मिळावं. पासवर्ड वकीलबाईंकडे आहे. त्या फोटोची मूळ प्रत मी कुठेही वेगळी काढलेली नाही, छापलेली नाही, कोणाला पाठवलेली नाही. ओळखपत्रावरचा माझा फोटो कुठेही लावू नये. त्यात मी फरारी इसमासारखा दिसतो.

कलम ६. खारू, माणूस गेला की घरात त्याचा फोटो शोधतात. तूही शोधशील, कारण चार माणसं येतील आणि विचारतील. तू माझा कप्पा उघडशील. अर्धा कान, काचेतली सावली, नाकापुढे कॅमेरा. माझा धड चेहरा कुठेच सापडणार नाही. मग तुला त्या कुंडीपाशी यावं लागेल. तेव्हा ते बटण तू दाबायचंस. औषधवाल्याने नाही, वकीलबाईंनी नाही, तू. पानं जातील आणि तुझ्या हातात माझं कोपर येईल. मग त्या फोटोचं काय करायचं ते तुझं तू ठरव. आणि कोणी विचारलं, हे कोण, तर त्या दिवशी तरी नीट सांग.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर. दिनांक : ९ मार्च. वर्ष वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

सही : काका

साक्षीदार : यांनी आमच्यासमोर सही केली, तेव्हा ते शुद्धीवर होते. सदर फोटोची मूळ प्रतही आम्ही लग्नानंतरच्या रविवारी मंडळात डोळ्यांनी पाहिली आहे. त्यात हे उभे होते.

१. औषधवाला
२. चष्मेवाले