डाव्या हाताचं चाक

३ नोव्हेंबर, सोमवार

प्लास्टर निघून बारा दिवस झाले. उजव्या हाताने अजून कपही उचलवत नाही. तरी हट्टाने कॉलेजच्या छपाई स्टुडिओत गेले. जस्ताच्या प्लेटवर शाई लावली तोवर ठीक — वरची जादा शाई पुसायला घेतली तर प्लेट टेबलभर पळायला लागली! धरायला दुसरा हात कुठाय? प्रेसचं चाक तर जागचं हललं नाही. वर्गातले धावून आले. एकाने चाक फिरवलं, दुसरीने कागद उचलला. प्रिंट छान आली. माझी नव्हती.

मॅडमना सांगितलं, विभाग बदलून घेते. त्या म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत अर्ज दे, पण घाई करू नकोस. स्टुडिओतले काका कोपऱ्यात रोलर पुसत ऐकत होते. यंत्रं सांभाळायची, ॲसिडची टाकी बघायची आणि आम्हाला ओरडायचं, ही त्यांची नोकरी. आज ओरडलेही नाहीत.

४ नोव्हेंबर

आईला सांगितलं. "तुझं तू ठरव," म्हणाली. मग कितीतरी वेळ एकच पातेलं घासत बसली.

५ नोव्हेंबर

काकांनी विचित्रच चौकशी केली. डाव्या हाताने कुलूप उघडतं का? ब्रशवर पेस्ट कशी घेतेस? मी म्हटलं, ट्यूब दातांत धरून. ते म्हणाले, त्यापेक्षा ओल्या रुमालावर ब्रश आडवा ठेव, सरकत नाही.

घरी करून पाहिलं. खरंच की!

६ नोव्हेंबर

अर्ज लिहिला. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्ज घेऊन निघाले तर काकांनी जिन्यातच अडवलं. "आधी आत ये."

टेबलाच्या कोपऱ्यावर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या — प्लेट त्यांत घट्ट बसते. प्रेसच्या चाकाला भंगारातल्या सायकलची चेन, दोन दातेरी चक्रं आणि डावीकडे छोटं हँडल. तीन दिवस जेवणाची सुट्टी त्यांनी यातच घालवली. मॅडमना माहीत होतं, मलाच नव्हतं!

शाई लावली. पुसली. ओला कागद ठेवला, वर फेल्टचं जाड लोकरी कापड. हँडल फिरवलं. चाक अगदी रमतगमत फिरत होतं, पण फिरत होतं! कुणी मदतीला आलं नाही. काकांनी सगळ्यांना डोळ्यांनीच दटावून ठेवलं होतं. कागद उचलला. एक कडा पुसट, मधोमध अंगठ्याचा डाग. अख्खी माझी.

आभार मानायला गेले. काका म्हणाले, "चेनला तेल घालायचं काम तुझं. माझ्या मागे लागायचं नाही."

अर्ज मॅडमसमोरच फाडला. एका हाताने तेही सोपं नाही — दातांची मदत घेतली.

११ नोव्हेंबर

पाच प्रिंट! दंड ठणकतोय. बरं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काका आज काकूंना घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी काकूंची उजवी बाजू लुळी पडली. दवाखाना सोडला तर त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. इतकी वर्षं काकांसोबत आहोत, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

काकू उंबऱ्यातच थांबल्या. माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे सांगतात ते खरं का गं? सगळं तू एकटी करतेस?"

मी खुर्ची ओढली. "बसा काकू. दाखवते."