सव्वाआठची भरती

डहाणू,
बुधवार, १८ जानेवारी २०१७

ती. नविनभाऊंच्या सेवेशी,

एकनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली साखर उतरली का, आणि वहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का, हे आधी कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे. आपल्या भगिनी यमुना खुशाल आहेत आणि गेले तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतात, त्यामुळे घरात शांतताही आहे. खरं तर फोनच करायचा, पण आमच्याकडे रेंज फक्त स्वयंपाकघराच्या दारात येते, आणि हे बोलणं त्या दारात उभं राहून करण्यासारखं नाही. म्हणून हिरूच्या हाती पत्र पाठवतो. हिरू म्हणजे तुमच्या चिंचणीचाच, आमची होडी चालवणारा. (पाकीट नीट चिकटवलं आहे. उघडलेलं दिसलं तर मला कळवा, त्याला काही बोलू नका. तो सध्या माझ्यावर नाराजच आहे.)

तुम्ही तुमच्या कारखान्याच्या स्टोअरमधली ललितची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीत, त्याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावे कळत नाही. मामा असावा तर असा. दिवाळीत त्याने तिथली आठ वर्षांची नोकरी सोडली आणि डहाणूच्या खाडीत लोकांना होडीतून फिरवून तिवरांचं जंगल, पक्षी आणि जनावरं दाखवायचं काढलं, तेव्हा पोरगं वाहवत चाललंय असं तुम्ही म्हणालात. मीही तेच म्हणालो, फक्त जरा मोठ्याने. त्याच्या डोक्यात हे आलं कुठून, तर मोबाइलवरून. परदेशात कुठल्याशा नदीवर लोक दिवसभर बोटीत बसतात, दोन्ही काठांना बारमाही पावसाचं घनदाट जंगल, एक जण माहिती सांगतो, मग एक मगर जांभई देते आणि साठ माणसं धन्य होऊन घरी जातात. ललितचं म्हणणं, आपली खाडी काय कमी आहे. आता मी रेल्वेत चौतीस वर्षं तिकीट खिडकीवर काढलेली, निवृत्तीनंतर हाताला काम नाही. माझा विरोध होता हे खरं, पण विरोध असला तरी काम व्यवस्थित झालं पाहिजे, या तत्त्वाने मी सगळी व्यवस्था माझ्याकडे घेतली. पत्रक मी छापून आणलं. 'डहाणूचं ॲमेझॉन' हे नाव माझं. मगर, लाल पोपट आणि शेपटीने लोंबकळणारं माकड ही चित्रं छापखानावाल्याने स्वतःहून घातली, पण वाईट दिसत नव्हती. ललितने ते पत्रक पाहिलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मी त्याला समजावलं, प्रवासी चित्र बघून येतो, पुढे काय दिसेल ते ज्याचं त्याचं नशीब.

पहिलंच मोठं गिऱ्हाईक मिळालं तलासरीकडचं. तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका सुषमाबाई आणि त्यांच्या सात शिक्षिका. त्यांनी आधी स्वतः बघायचं, पसंत पडलं तर शाळेची मुलं आणायची, आणि एक शाळा आली की मागून दहा येतात हे तुम्ही जाणताच. जेवताना माझ्यात आणि ललितमध्ये स्पष्ट ठरलं होतं. बाईंनी होकार दिला तर होडी चालू ठेवायची, नाही दिला तर त्याने पहिल्या तारखेला मुकाट्याने तुमच्या स्टोअरमध्ये हजर व्हायचं. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर होतं.

ललितने त्यासाठी बावीस तारखेचा रविवार धरला होता. मी तो बदलून पंधरा केला. त्यामागे विचार होता. आठ बाया म्हटल्या की जेवणाचा प्रश्न येतो. खाडीवर येऊन मासे नाहीत म्हटलं तर तिघी रुसणार, मासे केले तर तिघी उठून जाणार, आणि मोठ्या बाई कांदासुद्धा पाहून घेतात अशी माझी माहिती. पंधराला संकष्टी होती. संकष्टीला गणपतीपुढे सगळे सारखे, साबुदाण्याच्या खिचडीचं एक पातेलं केलं की कुणाचं तोंड वाकडं व्हायचं नाही. यमुनेलाही हे पटलं होतं. (आता ती नाही म्हणते. तिच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नका.) बाईंना मी परस्पर फोन करून तारीख आणि सकाळी साडेसातची वेळ दिली, आणि ललितला शनिवारी संध्याकाळी सांगितलं.

आता पाण्याचं सांगतो, कारण हिरू तुमच्याकडे उलटसुलट सांगेल. मी आधीच्या रविवारी, म्हणजे आठ तारखेला, मुद्दाम खाडीवर जाऊन उभा राहिलो होतो. सकाळी बरोबर सव्वाआठला पाणी काठाला लागलं. मी वहीत लिहिलं: रविवार, भरती ८.१५, वेळेवर. चौतीस वर्षं मी ज्या खात्यात होतो तिथे या रविवारची सव्वाआठ पुढच्या रविवारीही सव्वाआठच असते, फार तर दहा मिनिटं इकडेतिकडे. समुद्र तर रेल्वेपेक्षा जुना. त्याची शिस्त जास्तच असणार, असा मी हिशोब केला आणि तो कुणीही केला असता. हिरूने मला वाटेत गाठून सांगितलं होतं, "काका, चौथ हाय. सकाळी खाडीत पानी नाय. दुपारी बोलवा त्यांना." ललितही तेच म्हणाला, बारा वाजता बोलवू. पण जाहीर झालेली वेळ शनिवारी संध्याकाळी बदलायची म्हणजे काय, हे खिडकीपलीकडे कधी न बसलेल्या माणसाला समजायचं नाही.

रविवारी बाया साडेसातला हजर. त्यांनी संक्रांतीचे तिळगूळ आणले होते, सगळं छान चाललं होतं. ललितने त्यांना चहाला घरी नेण्याचा घाट घातला, तर मी म्हटलं, पाणी आता येतंच आहे, सव्वाआठला भरेल. खाडीत तेव्हा पाणी होतं, मी काही आंधळा नाही. ते भरत नव्हतं, उतरत होतं, एवढाच फरक, आणि तो नुसतं बघून कळत नाही. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि होडीत बसल्या. ललित हळूच हिरूला म्हणाला, मोठ्या धारेतच राहू, अर्ध्या तासात परत फिरू.

तसं झालंही असतं. पण माहिती द्यायचं काम मी घेतलं होतं, आणि दाखवायला दोन बगळ्यांपलीकडे काही नव्हतं. एका बाईंनी मगरीची चौकशी केली. मी म्हटलं, मगर थंडीत वर येत नाही, पण ऊद, म्हणजे पाणमांजर, दिसेल. डाव्या हाताला एक चिंचोळी वाट तिवरांत आत जाते, तिथे उदांचं मोठं बिऱ्हाड आहे असं मी सांगून टाकलं. (असेलही.) आठ बाया डावीकडे बघायला लागल्यावर ललितला नाही म्हणता येईना. आत शिरलो, पन्नास हात गेलो आणि होडी बसली. बसली म्हणजे म्हैस बसते तशी, पुन्हा उठायचा विचार नसलेली. हिरूने बांबू खुपसला तो चिखलाने ठेवून घेतला. मी धक्का द्यायला खाली उतरलो तर गुडघ्यापर्यंत गेलो, आणि मला वर ओढून काढलं तेव्हा डाव्या पायातला बूट खाडीला गेला. नवा होता, यमुनेने दसऱ्याला घेऊन दिलेला.

तेव्हा चिखलात हिरूने मला तो हिशोब सांगितला, तुम्ही चिंचणीकर तो पोटातून शिकून येता. तिथी मोजायची, तिची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. आठ तारखेला एकादशी होती, अकराची पाऊणपट सव्वाआठ. पंधराला चतुर्थी, चारची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनला, आणि होडी सुटायची ती बाराच्या सुमारास. वाजले होते पावणेनऊ. खिचडीचं पातेलं घरी, ते घेऊन यमुना दहाला धक्क्यावर येणार होती. होडीत नऊ उपाशी माणसं (मीही उपास धरला होता) आणि डबाभर तिळगूळ. तीळ उपासाला चालतात की नाही यावर बायांमध्ये दोन तट पडले. एका बाईंच्या सासरी चालतात, दुसरीच्या माहेरी चालत नाहीत. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, चंद्र निघेपर्यंत कुणीही डबा उघडायचा नाही. मग त्यांनी विचारलं, भरतीओहोटीच्या गावात राहून ही तारीख ठरवली कोणी. ललित म्हणाला, "माझीच चूक, बाई." तो विषय तिथे संपला.

नंतर ललित म्हणाला, आता कुणी हलू नका, बोलूही नका. अर्धा तास कुणी बोललं नाही, मीसुद्धा. आणि भाऊ, चिखल जागा झाला. आधी नुसती भोकं दिसली, मग त्यातून बोटभर खेकडे निघाले, एक नांगी मोठी आणि एक लहान, ती मोठी नांगी वर करून कुणाला तरी बोलावणारे. निवट्या पाण्याबाहेर येऊन चिखलावर सरपटायला लागल्या, मासा असून. लांब तांबड्या पायांचे शेकाटे उतरले, खंड्या आमच्याच बांबूवर येऊन बसला. ललित एकेकाचं नाव सांगत होता, कोण कुठून येतं, कोण काय खातं, इतक्या हळू की बाया पुढे वाकून ऐकत होत्या. आणि साडेदहाच्या सुमारास तिवरांतून एक कोल्हा निघाला, वीस हातांवर. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं, पसंत केलं नाही, आणि शांतपणे खेकडे फोडून खाल्ले. ललित त्याच्याकडे बघत होता आणि मी ललितकडे. एकतीस वर्षं हा मुलगा माझ्या घरात जेवतोय आणि त्याचा असा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

सव्वाबाराला होडी उचलली. बायांचे चेहरे उन्हाने लाल झाले होते. धक्क्यावर मोठ्या बाई ललितला फक्त "कळवते" म्हणाल्या आणि खिचडी न खाता गाडीत बसल्या. 'कळवते' म्हणजे काय ते ललितला समजलं. सोमवारी त्याने होडी धुऊन उलटी घातली. तो शुक्रवारी तुमच्याकडे येतो आहे, परत घ्या म्हणून. शेवटी पोरगं शहाणं झालं. नोकरी ती नोकरीच, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
एकनाथ

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त 'पोरगं शहाणं झालं' तेवढं सोडून. भाऊ, हात जोडतो, शुक्रवारी तो आला की त्याला नाही म्हणा. जागा भरली म्हणा, वरून हुकूम आला म्हणा, काहीही म्हणा. तुम्ही ये म्हणालात तर तुमचा मान राखून तो येईल आणि तुमच्या स्टोअरमध्ये निवृत्त होईल. आणि तारखेचं. बाईंनी विचारलं तेव्हा ललितने आधी माझ्याकडे पाहिलं होतं. मी तिवरांकडे बघत राहिलो. आठ बायांसमोर बापाचं हसू होऊ नये म्हणून त्याने ते अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. तीन दिवस घास गोड लागत नाही.

ता. क. (गुरुवार) हिरू संध्याकाळी निघणार म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. (उघडलेलं दिसलं तर ते मीच.) सकाळची एस.टी. धरून तलासरीला गेलो. सुषमाबाईंना त्यांच्या ऑफिसात उभ्याने सांगितलं, तारीख माझी, वेळ माझी, ती डावीकडची वाट माझी, आणि ऊद मी कधी पाहिलेला नाही. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाल्या, "ते मला होडीतच कळलं होतं. मी तुमच्या येण्याची वाट बघत होते." पाचवी ते सातवीची मुलं फेब्रुवारीत पाठवणार आहेत. त्यांची अट आहे की होडी त्याच जागी, तशीच चिखलात बसली पाहिजे आणि मुलांना तो कोल्हा दिसेपर्यंत उठता कामा नये. शनिवारी त्या स्वतः ललितला फोन करतील. तोवर मी घरी काही बोलणार नाही. शुक्रवारी तुमचा नकार आधी पचू दे.

ता. क. बाईंची आणखी एक अट होती. माहिती सांगणारे वडील होडीत नकोत. मी ती तिथल्या तिथे कबूल केली. तेव्हा भाऊ, स्टोअरमधली ती जागा आता रिकामीच आहे, तर एकसष्ट वर्षांचा, वक्तशीर, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस तुम्हाला चालेल का? यमुनेला विचारू नका, ती हो म्हणेल.