वरच्या ओळीवर पट्टी

प्रिय ताई,

पाकिटावर तुझं नाव घातलेलं नाही. ‘निळ्या टाकीशेजारचं घर’ एवढंच लिहून पत्र रेक्समामाकडे देतोय. उद्या तो पावाची गाडी घेऊन तुमच्या वस्तीवर येईल. गुरुवारी मी जे केलं त्यानंतर तू ते फोडशील की नाही, ठाऊक नाही. माझ्यामुळे तुझं मत पेटीत पडायचं राहिलं.

आज रविवार, म्हणून मतदानाची आमची गाडी उभी आहे आणि मी तिच्या सावलीत बसून लिहितोय. आपला हॅलोरन मतदारसंघ केवढा आहे, हे मतदारांची यादी हातात येईपर्यंत मला कळलंच नव्हतं. नऊ दिवस आम्ही गाडी हाकतोय आणि अजून त्याच्या आतच आहोत. उत्तरेच्या बेटांवर मतपेटी होडीने नेतात, इकडे दक्षिणेला तीन वर्षांची पोरं पाऊस बघितलेला नाही म्हणून आभाळ गडगडलं की रडतात. एका कुरणाचं कुंपण सकाळी लागलं ते जेवायच्या वेळेला संपलं. त्या कुरणाच्या मालकाची बावीस हजार गुरं आहेत, पण यादीत त्याला एकच ओळ. गंजक्या बसमध्ये राहणाऱ्या बर्टकाकालाही एकच ओळ, आणि तीही तेवढ्याच उंचीची. मी पट्टी लावून मोजली. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला असं काही हातात धरायला मिळावं, याचं मला अजून नवल वाटतं. पान उलटायच्या आधी मी हात धुतो.

आमच्या प्रमुख ग्लेनिसबाई सांगत होत्या की पूर्वी हा सगळा मुलूख मिळून एकच मतदारसंघ होता, आणि इथल्या खासदाराला सभागृहात बोलता यायचं, पण बहुतेक ठरावांवर मत देता यायचं नाही. माणसं वाढली तेव्हा त्याचे दोन तुकडे केले आणि आपल्या तुकड्याला हॅलोरन या जुन्या गोऱ्या प्रवाशाचं नाव दिलं. आजी काय म्हणायची आठवतं ना? “एकदाच आला, तहानेने अर्ध्यातून परत फिरला, आणि नाव मात्र ठेवून गेला मेला!” गोऱ्या लोकांकडे मेलेल्या माणसाचं नाव जमिनीला देतात, म्हणजे सगळ्यांनी ते घेत राहावं. आपल्याकडे गेलेल्याचं नाव कुणीच घ्यायचं नाही, म्हणजे त्याला निवांत जाता यावं. दोन्ही मानच. हे मला गुरुवारच्या आधी सुचलं असतं तर!

आजीला जाऊन पाचच आठवडे झालेत. तिचं नाव तुला दिलेलं, म्हणून तुलाही सगळे हल्ली ‘बिननावाची’ म्हणतात. मलाही हे माहीत होतं. पण कामाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, तीन प्रश्न विचारायचेच: पूर्ण नाव, पत्ता, आधी मत दिलंय का. गुरुवारी तुमच्या वस्तीवरच्या केंद्रात मी नाव विचारलं आणि तू समोर गप्प उभी राहिलीस. मला वाटलं, एक जरी प्रश्न राहिला तरी मला काढून टाकतील. आणि मीच ते नाव यादीतून वाचलं, मोठ्याने. झाडाखालच्या बायकांनी तोंडं झाकली. डॉलीमावशी ओरडली, “पुस्तकं शिकून आलास रे, आणि जीभ गहाण टाकलीस का?” तू वळलीस आणि चालू लागलीस. तुझी मतपत्रिका कोरीच माझ्या हातात राहिली.

आजी पहिल्यांदा मत द्यायला गेली ती गुरांच्या ट्रकमधून, एकवीस वर्षांची असताना. आपल्या आदिवासी लोकांना तो हक्क आदल्याच वर्षी मिळाला होता. कुरणाचा मुकादम हसून म्हणाला, “तुला काय कळतंय गं यातलं?” आणि ती म्हणाली, “तुमच्यापेक्षा बरं कळतं, साहेब. मागच्या वेळी तुमचा माणूस पडला!” तेव्हापासून तिचं एकही मत चुकलं नाही. तू अठराची झालीस तेव्हा तुझं मनगट धरून तिनेच तुला पेटीपर्यंत नेलं होतं.

आता कशासाठी लिहितोय ते. याद्या छापल्या तेव्हा आजी होती. त्यामुळे तिची ओळ अजून तिथेच आहे, आणि तिच्या लगेच खाली तुझी. तेच नाव, तोच पत्ता, फक्त जन्मतारीख वेगळी. काल मी धीर करून ग्लेनिसबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी निवडणूक कचेरीला फोन लावला. नाव बोलायची गरज नाही. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं तरी चालेल, असं तिकडून उत्तर आलं. इतकं सोपं होतं, ताई, फक्त मी आधी विचारायला हवं होतं. बुधवारी आमचं शेवटचं केंद्र लागेल, उंबराच्या विहिरीवर, तुझ्यापासून साठ किलोमीटर. रेक्समामा आणायला तयार आहे. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी असेन. कुणी नाव विचारणार नाही, मी तर नाहीच. वरच्या ओळीवर मी आधीच पट्टी ठेवलेली असेल. तू फक्त तिच्या खाली बोट ठेव.

तुझाच, तोंड मिटून वाट बघणारा,
लेस्टर