कागदावर नसलेली ओवी

७ मार्च, शनिवार, संध्याकाळ

स्वतःचीच किळस येतेय. आज धाड गावात जात्यावरच्या ओव्यांची स्पर्धा होती आणि परीक्षक मी. नियम असा, की ओव्या आधी लिहून द्यायच्या आणि तशाच गायच्या. ओवी अशी गातात का कधी? तरी मी तो मान्य केला.

कासाबाईने तीन ओव्या कागदाप्रमाणे गायल्या. मग मंचावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे पाहत चौथी जागीच जुळवली:

नळाले नाही पाणी, आठ दिस झाले बाई,
मंचावर बाटल्यांची रांग काही सरत नाही.

बाया खदखदून हसल्या. आयोजक माझ्या कानाशी आले. "मॅडम, ही कागदावर नव्हती. बाद करा."

पहिला नंबर तिचाच होता. मी तिला बाद केलं, सहीसुद्धा केली.

निघताना वर तिलाच म्हणाले, "कासाबाई, ती ओवी पुन्हा म्हणता? मोबाइलवर घेते."

"आता काऊन?" ती हसली. "ज्याईले ऐकवाची होती, त्याईनं ऐकली नं."

ऐकली होती. मंचावरची माझी बाटली अजून पर्समध्ये आहे. अर्धी मी तिथेच प्यायले होते, ती गात असताना.