हसऱ्या चेहऱ्यावर बोट

८ एप्रिल २०२५, मंगळवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटे. बुलडाण्याच्या दवाखान्यात छकुलीच्या चपला पलंगाखाली सरळ लावत होतो.

भाचीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सात वर्षांची पोर, आणि सलाईनमधून काय देतात? मॉर्फिन! डॉक्टर म्हणाले, "अफूपासूनच बनतं." अगदी सहज! करिष्माताईनं नुसती मान डोलावली. ती आई असून स्वस्थ. मी मामा, सलाईनचे थेंब मोजत बसलो. धाड गावच्या पारावर चिलीम ओढत बसणारे नशेबाज डोळ्यांपुढे आले. त्यांच्यात छकुली — फ्रॉकमध्ये!

मी इथलं पाणी पीत नाही. टाकीचं झाकण उघडं दिसलं.

९ एप्रिल

पोरीनं नाक खाजवून खाजवून लाल केलं. मधेच म्हणते, "मामा, पंखा मले पाहून हासून राह्यला." झाली सुरुवात!

ताईला वाटलं, नजर लागली. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून वॉर्डातच जाळायला निघाली. नूरजहां सिस्टरनं पुडी हिसकावली. "बाई, धूर झाला तं आख्खा वॉर्ड खोकन! टाके कोण सांभाळन? ही खाज औषधाची हाय. सुटते कोणाकोणाले."

म्हणजे कबूलच केलं!

सिस्टर येते तेव्हा एक पुठ्ठा दाखवते. त्यावर चेहरे — पहिला हसरा, शेवटचा रडका. जसं दुखतं तशा चेहऱ्यावर छकुलीनं बोट ठेवायचं, त्यावरून औषध ठरतं. मला युक्ती सुचली. तिच्या कानात सांगितलं, "हसऱ्यावर ठेव. दर बोटाले एक बर्फगोळा."

"लाल?"

"लाल."

१० एप्रिल, सकाळ

औषध कमी केलं! ताईला काही सांगितलं नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ

वाईट झालं. छकुली लाकडासारखी पडून. कूस बदलत नाही. खोक म्हटलं की ओठ दाबून धरते. सिस्टरनं पुठ्ठा पुढे केला. पोरीनं हसऱ्यावर बोट ठेवलं — आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"छकुली, खरं सांग बेटा," सिस्टर म्हणाली.

"मामा गोळे देणार हाय."

सगळा वॉर्ड माझ्याकडे वळला. सिस्टर म्हणाली, "काऊन भाऊ, अफूची भीती वाटते, लेकराच्या दुखण्याची नाही? आमी वजन पाहून मोजून देतो, श्वासावर ध्यान ठेवतो, दुखणं उतरलं का बंद करतो. दुखते म्हणून खोकलीच नाही, तं छातीत कफ साचन. मंग काय गोळा चारशीन?"

ताईनं डब्याचं झाकण जोरात लावलं. ते जास्त लागलं.

औषध दिल्यावर थोड्या वेळानं छकुली खोकली. एवढा गोड खोकला मी जन्मात ऐकला नाही.

११ एप्रिल

आता छकुलीला शौचाला होत नाही! तेही या औषधानंच होतं, म्हणे. त्यावर दुसरं पातळ औषध सुरू. शेजारच्या खाटेवरच्या पोराचे आजोबा, शेषराव, येता-जाता ओरडून विचारतात, "झाली का बाप्पा मोकळी?" माझ्या दहावीच्या निकालाची एवढी वाट कुणी पाहिली नव्हती. दोन्ही वेळा.

१२ एप्रिल

झाली! शेषरावांनी टाळ्या वाजवल्या.

मॉर्फिन कालच बंद झालं. छकुलीनं मागितलं नाही, आठवणही काढली नाही. आठवण फक्त बर्फगोळ्यांची. उद्या घरी.

माझी कंबर उजवीकडे ठणकते. बाकावर झोपून असेल. सिस्टर म्हणाली, "भाऊ, पाणी पेत जा. ओठ फाटले तुहे." टाकीचं सांगितलं. "अन् बाजूचा फिल्टर नाही दिसला?"

नव्हता दिसला.

१५ एप्रिल. त्याच दवाखान्यात.

मुतखडा!

नूरजहां सिस्टर पुठ्ठा घेऊन आली. मी शेवटच्या रडक्याकडे हात नेला — तर टाके काढायला आलेल्या छकुलीनं मनगट धरलं आणि माझं बोट हसऱ्यावर टेकवलं. "सिस्टर, मामाले काहीच दुखत नाही!"

ताई आज पहिल्यांदा हसली. माझ्यासमोर तरी.

इंजेक्शन मिळालं म्हणून लिहू शकतोय. ते कशापासून बनतं, विचारलं नाही.

खर्च : सोनोग्राफी नऊशे, रिक्षा साठ.
देणे : बर्फगोळे तीन. लाल.