बोलणारं दार

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशनात आईचा आवाज गेला, फोनवर ती बोलणार कशी, म्हणून हा पत्रांचा घाट. माझ्या अक्षराला हसू नकोस. करवतीने दोन बोटं नेली तरी मी अजून सुतारच आहे! कॉम्प्युटरवरच्या एका खेळात लोक घरं बांधतात, आणि खेळणाऱ्यांनी बनवलेल्या वस्तू खेळातल्याच दुकानात विकायला ठेवता येतात. मी दारं करतो. चौकट, बिजागरी, सगळं बैजवार. एक बोलकं दारही केलंय, ते तर हातोहात खपतं.

आईला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं बोलकं दार ऐकलं. आमच्या शिवणखात्यात काजं करणारी बाई जेवणाच्या सुट्टीत फोनवर दाखवत होती. कुणीतरी वीस दारं ओळीने लावून धडाधडा आपटत होतं, आणि प्रत्येक दारातून आपली आई विचारत होती, आलास का, हातपाय धुतलेस का. सगळ्या बाया पोट धरधरून हसल्या. मी डबा अर्धा टाकून मशीनवर बसले आणि मान खाली घालून कॉलर शिवत राहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचं बोलणं फोनवर टिपून घेतलंस ते यासाठी? इथे ती पाटीवर लिहून पाणी मागते. लाज कशी वाटली नाही तुला? दार आजच्या आज काढ. तिला यातलं काही कळता कामा नये.

रागावले तरी तुझीच,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानवाल्यांना विचारलं. विकलेली दारं मला परत घेता येत नाहीत. जिचा आवाज आहे तिने स्वतः सही करून तक्रार केली, तरच ते दारं आणि त्यांच्या चित्रफिती सगळीकडून काढतात. पण घाई करू नकोस. एक गोष्ट पत्रात लिहिण्यासारखी नाही. रविवारी येतो, समोरासमोर सांगतो.

तोवर मला तोडू नकोस.
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मी थांबले नाही. दवाखान्याचा कागद आहे असं सांगून आईची सही घेतली आणि तक्रार पाठवली. खोटं बोलले, पण मोकळं वाटलं. आता रविवारी ये आणि पोटभर जेव.

वाट पाहणारी,
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळी दारं गेली, त्यांच्या चित्रफितीही गेल्या. माझं खातंही बंद केलं. त्याच खात्यात आईचं मूळ बोलणं ठेवलं होतं. फोन भरला म्हणून त्यातलं मी पुसून टाकलं होतं, दुकानात ते सुरक्षित राहील असं वाटलं. तीनदा विनवणी केली. पुसलेलं परत मिळत नाही, एवढंच उत्तर आलं. ताई, तिचा आवाज आता कुठेच नाही. चूक माझी. उद्या कोणत्या तोंडाने येऊ?

दूर लोटू नकोस, एवढंच मागणं.
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू रविवारी आला नाहीस. ताईने रडत रडत सगळं सांगितलं. माझं हो होतं म्हणूनच तू ते दार केलंस, हेही मी तिला लिहून दाखवलं. माझ्या आवाजाचं नाव काढलं की तिला रडू कोसळायचं, म्हणून तिला सांगू नकोस असं मीच तुला बजावलं होतं. आता पस्तावते.

ती कामावर गेली की मी तिच्या जुन्या फोनवर तू दाखवलेलं दुकान उघडायची आणि नमुन्याचं बटण दाबून स्वतःला ऐकायची. लोक हसतात तेही पाहिलं होतं. वाईट नाही वाटलं रे. माझ्या बोलण्याला अजून कुणीतरी हसतंय, याचं अप्रूप वाटायचं. त्या कागदावर सही केली तेव्हा चष्मा नव्हता. पोटच्या पोरीने पुढे केलेला कागद कोण वाचतं?

चार दिवसांत मला माझा आवाज आठवेनासा झालाय. तुम्हा दोघांना तो अजून आठवतो, याचा हेवा वाटतो आणि रागही येतो. ताई याच घरात राहते, तिला कुठे पाठवू? माया आहे तशीच आहे. पण राग जाईपर्यंत तू येऊ नकोस.

आई