आवाज आला तरच चालणारे यंत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, धंदा पूर्वी टंकलेखन आणि सध्या काही नाही, राहणार वडिलांच्या कुलपांच्या दुकानावरील तीन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. मला कुणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला इथे येते कोण? माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. मरणाची मला घाई नाही, पण आता कंटाळा आला आहे, आणि हात चालतो आहे तोवर हे एक काम उरकून टाकावे असे वाटते.

१. माझ्यामागे माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, एवढेच वारस राहतात. भाऊ रस्त्याच्या पलीकडे असतो. त्याचेही कुलपांचेच दुकान आहे, माझ्या खिडकीच्या बरोबर समोर. त्याला यापुढे ‘धाकटा’ म्हटले आहे. सत्तरीला आला तरी तो धाकटाच.

२. माझ्या बँकेतील शिल्लक भाचीला द्यावी. ती दर रविवारी रस्ता ओलांडून येते, माझे केस धुऊन देते आणि “आत्या, तू आणि आमचे बाबा, दोघांना एका पोत्यात घालून बडवलं पाहिजे,” असे मला तोंडावर सांगते. या घरात सरळ बोलणारे माणूस एवढे एकच निपजले, त्याचे काहीतरी बक्षीस व्हायला हवे.

३. माझा टाइपरायटर खाली बाबांच्या दुकानाशेजारी बसणाऱ्या शिंप्याने घ्यावा. त्याला त्याचा काही उपयोग नाही, पण त्याची नात येता-जाता त्याच्या कळा दाबते आणि मी रागावल्यासारखे करते.

४. माझी काळी छत्री वरच्या मजल्यावरील बाईंकडे आहे. ती त्यांना मी देत आहे. ती त्यांनी मागून नेली, परत केली नाही, आणि विचारल्यावर “कसली छत्री?” म्हणाल्या. आता त्यांनी ती उजळ माथ्याने वापरावी. माझ्या मयताला पाऊस असल्यास घेऊन यावी.

५. आता रेकॉर्डर. हे कलम लांबेल. हा कागद तपासणाऱ्या वकीलबाईंनी ते छाटू नये.

मी नोकरी केली ती नुकसानीची तपासणी करणाऱ्या एका कचेरीत. साहेब जळालेली गोदामे आणि पाणी शिरलेली तळघरे बघत फिरायचे आणि हातातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलायचे. संध्याकाळी तो रेकॉर्डर माझ्या टेबलावर यायचा. कानाला हेडफोन, पायाखाली पॅडल, आणि मी त्यांचे बोलणे टाइप करत बसायची. जन्मभर मी लोकांच्या मोडक्यातोडक्या सामानाचीच वर्णने ऐकली. साहेब तोंडात बिस्कीट असताना बोलायचे, याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही.

साहेब चालायचे फार आणि बोलायचे थोडे. जिने चढताना रेकॉर्डर चालूच राहायचा आणि मला नुसती त्यांची धाप ऐकत बसावे लागायचे. म्हणून कचेरीने एक सोय केली. रेकॉर्डरच्या कडेला एक बारीक कळ असते. ती वर सरकवली की यंत्र जवळून आवाज आला तरच चालते. बोलणे थांबले की तेही थांबते, पुन्हा बोललात की पुन्हा सुरू. मधली शांतता ते ठेवतच नाही. ऐकताना दोन वाक्ये एकमेकांना चिकटून येतात, जणू माणूस थांबलाच नाही. कुणाच्या बोटाने ती कळ खाली येऊ नये म्हणून कचेरीने तिच्यावर चिकटपट्टी मारली होती. मी निवृत्त झाले तेव्हा नवी यंत्रे आली होती, म्हणून हे जुने मला निरोपाची भेट म्हणून मिळाले. फुले वेगळी.

६. बाबा आणि धाकटा यांच्यातले भांडण चावी कापायच्या यंत्रावरून झाले. बाबा हाताने कानस चालवत. धाकट्याने विजेवर चालणारे यंत्र आणले. बाबांनी ते उचलून दुकानाबाहेर फुटपाथवर ठेवले. धाकट्याने ते फुटपाथवरून उचलले आणि समोरच्या रिकाम्या गाळ्यात नेऊन ठेवले. एवढेच. त्यानंतर बापलेक समोरासमोर बसून एकाच गल्लीची कुलपे उघडत राहिले आणि एकमेकांकडे न बघण्यात दोघांनीही मान मोडेपर्यंत कष्ट घेतले.

पण एक गोष्ट धाकट्याला ठाऊक नाही. बाबा रात्रीचे जेवण त्याचे शटर पडल्याशिवाय घेत नसत. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. मी ताट वाढायला घेतले की हात वर करायचे, थांब म्हणून. समोरचे शटर खडखडत खाली आले की हात खाली. मग म्हणायचे, “वाढ आता.” कारण त्यांनी कधी सांगितले नाही. मला ते कळत होते, पण मीही त्यांचीच मुलगी, म्हणून कधी बोलले नाही.

७. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना लिहिणे जमेना. त्यांचे वकील म्हणाले, “त्यांना बोलू द्या, तुम्ही टेप करा, मी त्यावरून कागद करून आणतो, अंगठा घेऊ.” मी माझा रेकॉर्डर त्यांच्या उशाशी ठेवला. चिकटपट्टी तशीच होती. ती माझ्या नजरेला इतकी सवयीची झाली होती की ती दिसतही नव्हती. यात मी स्वतःला दोष देत नाही. ज्यांना द्यायचा त्यांनी आधी तीस वर्षे साहेबांची धाप ऐकून यावे.

मी विचारत गेले, ते सांगत गेले. घर थोरलीला. दुकान थोरलीला. हत्यारांची पेटी थोरलीला. मग मी विचारले, “आणि धाकट्याला?”

बाबांनी हात वर केला.

संध्याकाळ झाली होती. समोर अजून दिवा होता. बाबा छताकडे बघत पडून राहिले, हात तसाच हवेत, मनगट कापत होते तरी. मी भाजी निवडत होते ती पूर्ण निवडून झाली. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरले आणि मी ते पुसले नाही, कारण पुसलेले त्यांना आवडले नसते. कधीतरी समोरचे शटर पडले. रस्त्यापलीकडचा तो आवाज यंत्राच्या लेखी आवाजच नव्हता. बाबांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “त्याला काही देऊ नका.”

हट्टी माणूस. इतके थांबून शेवटी तेच बोलला. मी त्यांची बाजू घेत नाही.

८. बाबा गेल्यावर वकिलांनी कागद वाचून दाखवला. धाकटा म्हणाला, “कागद काय, कुणीही लिहील. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.” वकिलांनी रेकॉर्डर लावला. मीही ते तिथेच पहिल्यांदा ऐकले.

माझा आवाज: “आणि धाकट्याला?” आणि त्याला लागूनच बाबांचा आवाज: “त्याला काही देऊ नका.”

मध्ये काही नाही. सुईसुद्धा शिरणार नाही.

धाकटा खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “श्वाससुद्धा घेतला नाही हो बाबांनी.”

मी म्हटले, “अरे, ते थांबले होते. किती वेळ थांबले होते! हे यंत्र तसं आहे, ते शांतता गिळतं.”

“ताई, तू माझी समजूत नको काढूस. तू माणूस आहेस, तुला माया आहे. मशीनचं माझ्याशी काय वैर?”

तो उठला आणि निघून गेला. त्याला घर नको होते, हे मी शपथेवर लिहून देते. त्याला काही मिळाले नाही याचे त्याला दुःख नव्हतेच. बापाला नाही म्हणायला क्षणभरही जड गेले नाही, हे त्याच्या मनात रुतले, आणि अठरा वर्षे ते काढणारे अवजार मला सापडलेले नाही.

९. मी प्रयत्न केला नाही असे कुणी म्हणू नये. दोनदा मी रेकॉर्डर घेऊन त्याच्या दुकानात गेले. पहिल्यांदा तो म्हणाला, “गिऱ्हाईक आहे.” दुसऱ्यांदा गिऱ्हाईक नव्हते तरी तेच म्हणाला. भाचीकडून निरोप पाठवला, तर तिला म्हणाला, “तुझी आत्या देवमाणूस आहे, पण खोटं बोलते.” पुढे गुडघे गेले आणि जिना उतरणे संपले. आता मी खिडकीतून त्याचे टक्कल बघते. तो मान वर करत नाही.

एकदाच तो या घरी आला. मी इस्पितळात होते तेव्हा. परत आले तर दाराची जी कडी वर्षानुवर्षे करकरत होती ती लोण्यासारखी सरकली. कुणी दुरुस्त केली ते भाचीने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. कडीला तेल घालून वरून फडक्याने पुसून घ्यायची रीत बाबांची, आणि ती त्यांनी एकालाच शिकवली होती.

१०. तरी माझी इच्छा अशी. राहते घर, खालचे दुकान, बाबांची हत्यारांची पेटी आणि खिडकीपाशी असलेली खुर्ची, ही सर्व मिळकत धाकट्याला द्यावी. बाबांनी मला दिले, ते माझे झाले, आता मी कुणाला द्यायचे ते मी ठरवणार. त्याने घेण्यास नकार दिल्यास ती भाचीकडे जावी. पण रेकॉर्डर त्यालाच द्यावा, आणि भाचीने स्वतः त्याच्या हातात द्यावा.

११. भाचीसाठी सूचना. ही अट नाही. अट घातली की तो उलट्या दिशेने चालू लागतो. ही विनंती समजावी, आणि कशी करवून घ्यायची ते तिने बघावे. ती त्याचीच मुलगी आहे.

त्याला संध्याकाळी बाबांच्या खोलीत आणून खुर्चीवर बसवावे. रेकॉर्डर उशाच्या जागी ठेवावा. चिकटपट्टी काढू नये. समोरच्या दुकानात त्याच्या बायकोला थांबायला सांगावे. मग भाचीने त्याला कोणताही प्रश्न विचारावा, आणि त्याने लगेच उत्तर देऊ नये. हात वर करून बसावे. हात दुखेल. दुखू द्यावा. समोरचे शटर बायकोने खाली ओढल्यावरच हात खाली घ्यावा आणि उत्तर द्यावे. मग ते ऐकावे.

माझे त्याने ऐकले नाही, त्याबद्दल मी आता राग धरत नाही. तो कुलूपवाला आहे. कुलूप कसे चालते ते सांगून त्याला पटत नाही, स्वतः हातात घेऊन उघडावे लागते.

१२. माझी उत्तरक्रिया थोडक्यात करावी. भाषणे नकोत. मी आयुष्यभर पुरेशी ऐकली आहेत. वकीलबाईंना या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी नेमत आहे. त्या हसऱ्या आहेत, हे त्यांच्या धंद्यात दुर्मीळ.

१३. राहिले एकच. मी इतकी वर्षे घर धरून बसले, ते घराच्या लोभाने नाही. ही खिडकी सोडली असती तर धाकटा दिवसातून एकदाही दिसला नसता. हे त्याला सांगायला मला लाज वाटते, म्हणून लिहिले आहे. वाचताना त्याने मान खाली घातली तरी चालेल.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, वाचला, मला तो कबूल आहे.

ठिकाण: राहते घर, बाबांची खोली
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२३

सही
(लिहून ठेवणार, गल्लीत ओळख ‘कुलूपवाल्यांची थोरली’)

साक्षीदारांचे निवेदन: आम्ही खालील दोघे, वरील मिळकतीत आमचा कोणताही हक्क अथवा लाभ नाही. शिंप्याला दिलेला टाइपरायटर, साक्षीदाराने काही घेऊ नये म्हणून, त्याने नाकारल्याने त्यापुरते कलम ३ रद्द समजावे, असे बाईंनी तोंडी मान्य करून त्यावर काट मारली आहे. लिहून ठेवणार बाई पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत. बाकीचा मजकूर आम्ही वाचलेला नाही.

सहीला उशीर झाला त्याची नोंद करतो. कागद पुढे ठेवल्यावर बाईंनी पेन हातात घेतले आणि दुसरा हात वर करून आम्हाला थांबायला सांगितले. खिडकीकडे तोंड करून त्या बराच वेळ तशाच बसल्या. आम्ही कारण विचारले नाही. समोरच्या दुकानाचे शटर खाली आले, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला, सही केली आणि म्हणाल्या, “चला, आता जेवून घेते.”

साक्षीदार १: खालच्या दुकानाशेजारील शिंपी
साक्षीदार २: इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाई